झाकलेला डोळा

दिगू,

मला भीती वाटते आहे. आणि माझी भीती ऐकून घेऊन वर हसणारा माणूस तूच होतास, त्यामुळे सांगू कुणाला हा प्रश्नच आहे. तुझं तेरावं होऊन पंधरवडा उलटला. गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत तुझी खुर्ची अजून तशीच डुगडुगते. सरांनी ती सुताराकडे द्यायचं म्हटलं, मी देऊ दिली नाही. आत्ता तिच्याकडे तोंड करूनच हे लिहिते आहे.

खरं म्हणजे सरांनी मला तुझ्यावर लेख लिहायला सांगितलाय. जन्म, शिक्षण, लालबागच्या चाळीतला मुलगा थेट उपग्रहापर्यंत कसा पोचला वगैरे. तसलं माझ्याच्याने होणार नाही. त्याला थंड डोक्याचा माणूस लागतो आणि माझं डोकं कसं आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? शिवाय तुझं-माझं भांडण अर्ध्यावर राहिलंय. तू गेलास म्हणून ते मिटलं, असं समजू नकोस. तू गेल्यावर त्याचा निकाल लागलाय. तो तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

आपण काय काम करतो ते लोकांना कधी धड सांगताच आलं नाही. माझी आई दादरच्या बाजारात मासे विकते, म्हणजे मापाचं तिला वेगळं शिकवायला नको. तू पहिल्यांदा वरळीला आमच्या कोळीवाड्यात आलास, तेव्हा बोंबील वाळत घातले होते तिथेच तिने तुला अडवलं.

"तुमी दोगं दिवसभर करता काय?"

"ऊन मोजतो, मावशी. सूर्य आपल्याला किती ऊन देतो ते."

"ते तर हितंबी पडलंय. मोज की."

"इथे मधे ढग आले, धूळ आली, गिरण्यांचा धूर आला. इथे मोजून आपल्यापर्यंत काय पोचलं तेवढंच कळतं. सूर्याने दिलं किती ते कळायला हवेच्या बाहेर जायला पाहिजे. म्हणून यंत्र वर पाठवलंय, उपग्रहावर बसून फिरतंय."

मग तू हाताचा द्रोण करून तिला दाखवलंस. आतून काळा केलेला एक छोटा शंकू. दार उघडलं की ऊन आत शिरतं आणि काळ्या भिंतींवर आपटत तिथेच मुरतं, बाहेर पडत नाही. शंकू तापतो. मग दार लावायचं आणि विजेवर त्याला बरोबर तेवढाच तापवायचा. जितकी वीज लागली तितकं ऊन होतं. वीज चोख मोजता येते, म्हणून ऊनही चोख मोजता येतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् माप कमी भरलं तर भांडनार कोनाशी?"

तू पोट धरून हसलास. तू गेल्यावर आई मला म्हणाली, "पोरगा चांगला हाय गो. पन डोळं घाबरल्यावानी हायेत." मी म्हटलं, काहीतरीच तुझं. घाबरट कोण ते सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं. होडीत पाय ठेवताना रडणारी कोळ्याची पोर शोधून दुसरी सापडली नसती.

यंत्रात असे शंकू दोन होते. एक रोज उघडायचा आणि दुसरा झाकून ठेवायचा. वर ऊन अडवायला हवाही नाही, त्यात रोज राहून काळा रंग विटत जातो. रंग विटला की शंकू कमी ऊन पितो आणि खाली आपल्याला वाटतं, सूर्यच कमी झाला. म्हणून क्वचित कधीतरी झाकलेला उघडायचा आणि दोघांची मापं ताडून पाहायची. कागदोपत्री त्यांची नावं अ आणि ब होती. आपल्या खोलीत रोज राबणारी ती सून आणि झाकलेली ती सासू. सासू घरात डोळे मिटून बसणार, कधीतरी एक डोळा उघडणार आणि उघडला की सुनेची चूक काढणार. बारसं मीच केलं होतं. सर एकदा पाहुण्यांसमोर गंभीर चेहऱ्याने "सासूचं तापमान" म्हणून गेले, तेव्हा तू पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली वाकलास तो बराच वेळ वर आलाच नाहीस.

दोन्ही शंकूंना आतून काळा रंग दिला तो तू. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. तुमचं घरच रंगाऱ्यांचं. वडील गिरणीच्या रंगखात्यात होते आणि त्यांच्या मागे दादा त्याच खात्यात लागला. पातळ थर, मग वाळवण, मग पुन्हा थर. ब्रशचा एक केस आत राहिला म्हणून तू सगळा शंकू खरवडलास आणि पहिल्यापासून सुरुवात केलीस. मी वैतागून म्हटलं, नवरीला काजळ घालतोयस का? तू मान वर न करता म्हणालास, "काळा सगळ्यात लबाड रंग आहे, कुंदे. बघताना काळा दिसतो आणि आत पांढरा राहतो." एका रविवारी तू दादाला बोलावलंस. त्याने सरावाचा शंकू खिडकीकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाला, "जमला." पुढचा आठवडाभर तुझे पाय जमिनीवर नव्हते.

सूर्यावरचा तो मोठा डाग आला तेव्हाची गोष्ट तर तू मरेपर्यंत सांगत होतास. डाग कडेने आत सरकला, मधोमध आला आणि आपल्या आलेखाची रेघ खाली वाकली. डाग पलीकडे गेला तशी पुन्हा वर आली. तू मला जिन्यावरून ओढत खाली नेलंस, भर रस्त्यात ओरडलास, "सूर्यावर डाग पडला आणि गिरगावात कळलं!" पानवाला दचकून बघायला लागला. त्या दिवशी मला खात्री पटली की हे यंत्र खरं बोलतं. आणि भीतीही त्याच दिवशी पहिल्यांदा वाटली. खरं बोलणारं माणूस घरात राहायला आलं की सगळे जरा जपून असतात, तशी.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिल्या महिन्यात कुणाला काही जाणवलंच नाही. दादा उलट खुशीत होता, वहिनी आणि पोरांना घेऊन गावी जाऊन आला, येताना माझ्यासाठी कोकमं आणली. "म्हयन्या-दोन म्हयन्यांत मिटतंय," असं लालबागला जो तो म्हणायचा. पुढच्या महिन्यातही तेच आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मग चाळीतल्या खोल्यांना कुलपं दिसायला लागली. लोक गावी गेले ते परत आले नाहीत. जे राहिले ते दारात बसून एकमेकांना तीच बातमी सांगत, फक्त रोज थोड्या हळू आवाजात. मी तुझ्याकडे यायचे तेव्हा दादाच्या हातांकडे बघायचे. पूर्वी त्याच्या नखांत निळा नाहीतर तांबडा रंग असायचाच. ती नखं स्वच्छ होत गेली आणि ते मला बघवत नव्हतं.

आणि त्याच सुमाराला आपली रेघ खचायला लागली. डाग येत, रेघ वाकत असे, डाग जात, रेघ वर येत असे. पण वर येताना ती आधीच्या जागी पोचेना. आधी वाटलं नजरचूक असेल. मग उपग्रहाची मापं ज्यांवर येत त्या टेपा पुन्हा चालवल्या. घट इतकी थोडी की माणसाच्या अंगाला कधी कळणार नाही, हजार भागांत एक भागसुद्धा नाही. पण ती थांबत नव्हती. दर वर्षी आणखी थोडी.

तुझ्या बाजूने बोलायचं तर तुझं म्हणणं भक्कम होतं. ते मी तेव्हाही मानलं नाही, पण आता मानते. तू म्हणायचास, "डाग आले की ऊन कमी होतं, बरोबर? आता सूर्यावरचे डागच कमी होत चाललेत. म्हणजे ऊन वाढायला पाहिजे. वाढत नाही, उलट कमी दिसतंय. मग चुकतंय कोण? सूर्य की आपला डोळा?"

"सूर्याबद्दल तुला एवढं सगळं माहीत आहे?"

"सूर्याबद्दल नाही, रंगाबद्दल माहीत आहे. सुनेचा काळा विटलाय. मीच कुठेतरी कमी पडलो."

"तर मग सासूला उघड आणि विचार."

"नको. आत्ता नको."

हेच आपलं भांडण. किती वेळा झालं ते मोजायला मी बसत नाही. जिन्यात झालं, चर्नी रोडच्या पुलावर झालं, एकदा सरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत झालं, तेव्हा वाढपी तुझ्या पानात चार जिलब्या टाकून गेला तरी तुला पत्ता नाही. लोक विचारायचे, तुमचं दोघांचं काय आहे? काही नव्हतं. हे भांडण होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त काही नकोच होतं. उद्या सकाळी कुणीतरी आपलं म्हणणं खोडून काढायला तयार बसलंय, एवढ्या भरवशावर मी वर्षानुवर्षं शांत झोपले.

"आत्ता नको" याला तू कारण दिलं होतंस तेही खरंच होतं. दादानेच दिलं होतं ते. संपाचं दुसरं वर्ष असेल, तुमच्या गॅलरीत बसून दादा रंगखात्यातल्या गमती सांगत होता. कापडाचा रंग उन्हात टिकतो का ते बघायला गच्चीवर पट्ट्या लावायचे. अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली, अर्धी उघडी. बरेच दिवसांनी पुठ्ठा काढायचा आणि दोन्ही अर्ध्या शेजारी शेजारी बघायच्या. फरक दिसला तर रंग कच्चा. एकदा खात्यात एक नवा माणूस लागला. मास्तरला टरकून असायचा. उघडी बाजू उडतेय की काय या भीतीने तो सारखा गच्चीवर जाई, पुठ्ठा उचलून बघे, पुन्हा लावे. कधी बघता बघता कुणी हाक मारी, पुठ्ठा तसाच बाजूला राही. शेवटी मास्तरने पाहिलं तर दोन्ही बाजू अगदी सारख्या.

"रंग पास झाला!" दादा मांडीवर थाप मारून म्हणाला. "अख्खा माल पास. बाजारात गेला आणि दुकानाच्या काचेत ठेवल्या ठेवल्या उडाला. दोन्ही बाजू सारख्याच उडाल्या होत्या ना! झाकलेली कुठं झाकलेली राहिली होती?"

वहिनी हसली, मी हसले, तू मात्र हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आधी तू सरांकडे जाऊन नियम करून घेतलास की सासूला उघडायचं तर आपल्या दोघांच्या सह्या लागतील. तिला जितक्या वेळा उघडू तितकी तीही विटणार. मग दोघी एकसारख्या विटतील, एकमेकींशी जुळतील, आणि आपण जगाला सांगत सुटू की सूर्य कमी होतोय. नियम चोख होता. मला तेव्हा वाटलं, हा माणूस किती धीराचा. मी असते तर त्या नव्या माणसासारखा रोज पुठ्ठा उचलून बघितला असता.

पण मग सासूला उघडायची ठरलेली वेळ आली आणि तू म्हणालास, दिवाळी जाऊ दे. दिवाळी गेली, तू म्हणालास, आणखी थोड्या टेपा येऊ देत. मी कुठेतरी वाचून आले होते की पूर्वी एकदा सूर्यावरचे डाग दिसेनासे झाले होते आणि युरोपात नद्या गोठल्या होत्या. तू म्हणालास, "मुंबईत थंडी पडली तर लोक पेढे वाटतील." मला हसू आलं नाही. नवी टेप आली की तिचा ठिपका आलेखावर टाकायचं काम माझं होतं. पेन्सिल टेकवायच्या आधी मी तिला उगाच पुन्हा टोक करायचे. वरती सूर्य रोजच्यासारखा, रस्त्यात लोक उन्हाला शिव्या देत चाललेले, आणि मी त्यांच्यामधून चालताना मनात म्हणायचे, असू दे, असू दे, तापू दे.

आपलं शेवटचं बोलणं त्यावरूनच झालं. मी चिडून म्हटलं, "तुला उघडायचंच नाहीये. तू घाबरतोस."

तू डबा पिशवीत भरत होतास. थांबलास. "आणि तू?"

"मी घाबरतेच! म्हणून तर म्हणतेय, उघड आणि बघून टाक."

तू काहीतरी बोलणार होतास. मी तुझा चेहरा पाहिलाय, तू नक्की बोलणार होतास. मग नुसतं म्हणालास, "उद्या बोलू, कुंदे," आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरलास. पुढचं मला लिहायचं नाही. चाळीतून फोन आला तेव्हा मला वाटलं, दादाला काहीतरी झालं.

तेराव्याला जेवणं उरकली तेव्हा दादाने मला गॅलरीच्या टोकाला बोलावलं. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्याने उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"कुंदा, एक विचारू? तुमचा तो सूर्य. दिगू म्हणायचा, दादा, माझा रंग उडाला, मीच नीट दिला नाय. खरं हाय का ते?"

"अजून कळलेलं नाही, दादा. झाकलेला शंकू उघडल्याशिवाय कळणार नाही."

"मग उघडत का नाय?"

"तो नको म्हणायचा."

दादा खाली चौकात बघत राहिला. "संपात पण असाच. मला दुसऱ्या वर्षीच कळून चुकलं होतं गो, गिरणी काय उघडत नाय. भायखळ्याला एका ठिकाणी मला घ्यायला तयार होते. ह्याने जाऊ दिलं नाय. दादा, थांब. दादा, आत्ताच नक्की सांगता येत नाय. रोज सकाळी हाच मला गेटवर जायला सांगायचा. आणि मी जायचो. गिरणीसाठी नाय, ह्याचं तोंड बघून जायचो. आपण नाय गेलो तर ह्याला काय वाटेल म्हणून."

दिगू, मी इतकी वर्षं तुझ्यासमोर बसले आणि मला कळलं नाही. आईला बोंबलांपाशी उभ्या उभ्या कळलं. तू धीराचा नव्हतास. तू माझ्याइतकाच घाबरट होतास. मला भीती वाटली की मी धावत जाऊन बघते आणि तुला वाटली की तू कुणालाच बघू देत नाहीस. गिरणी संपली हे बघायला नको म्हणून तू दादाला गेटवर उभं केलंस. सूर्य कमी झाला हे बघायला नको म्हणून स्वतःच्या हाताला नावं ठेवलीस. ज्या रंगासाठी जीव पाखडलास तो कच्चा म्हणवून घ्यायला तयार झालास, पण सूर्याला तसं म्हणायला तयार झाला नाहीस. मला तुझा राग आला आणि त्याच क्षणी तुला कवटाळावंसं वाटलं. दोन्हीला उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आता तुमच्या एकटीच्या सहीवर चालेल. घाई नाही." मला हसू आलं. इतके दिवस घाई करणारी मी, आता कागद पुढ्यात आला तर पेनचं टोपण निघेना. तुझी जागा सहीसाठी मोकळी होती. त्या मोकळ्या जागेकडे बघत मी तुझ्या तोंडचं सगळं स्वतःशी बोलून घेतलं. दिवाळी जाऊ दे. आणखी टेपा येऊ देत. मग सही केली आणि सासूला उघडा असा टेलेक्स पाठवायला मीच खाली गेले, शिपायाच्या हाती दिला नाही.

टेप आली ती परवा. मी सासूची मापं सुनेच्या मापांवर टाकली. दिगू, ती बरोबर एकावर एक बसली. सून जेवढी घट दाखवत होती तेवढीच सासूने दाखवली. सासू असूनही तिला सुनेची चूक सापडली नाही.

तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं, म्हणून आधी तेच तपासलं. सासूही विटली असेल, पुठ्ठा फार वेळा उचलला असेल. नाही रे. तुझ्या नियमामुळे ती इतकी कमी उघडलीये की आजवर तिने सगळं मिळून खाल्लेलं ऊन सून एका सकाळी खाते. विटायला तिला ऊनच मिळालेलं नाही. मग तापमानाच्या नोंदी तपासल्या, विजेचं माप तपासलं, तुझ्या वतीने मी स्वतःशी दोन दिवस भांडले. तुझ्यासारखं भांडता येत नाही मला. तू प्रत्येक वेळी हरलास.

सर खोलीत आले, आलेख पाहिला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. अभिनंदन." इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं ना? मी बरोबर ठरले याचा अर्थ काय होतो ते त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल आणि त्यांनीही काहीतरी बोलायचं म्हणून बोलून घेतलं असेल. तेव्हा मला कळलं, मला जिंकायचं नव्हतंच. मला तू रोज खोडून काढायला हवा होतास. मी 'सूर्य कमी होतोय' असं म्हणत होते ते तू 'नाही' म्हणावंस म्हणून.

आज दुपारी लालबागला गेले. कुणाला तरी सांगणं भाग होतं आणि विचारलं होतं फक्त दादाने. तो दारातच होता. मी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, "दादा, झाकलेला उघडला. दोन्ही सारखे निघाले."

दादाने सूर्याचं विचारलंच नाही. तो म्हणाला, "म्हणजे दिगूचा काळा उडाला नाय?"

"नाही. जरासुद्धा नाही. इतकी वर्षं वर उन्हात आहे तरी नाही."

"पक्का निघाला?"

"पक्का निघाला, दादा."

त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि तो मोठ्याने रडला. तेराव्यालाही रडला नव्हता तितका. मी उभीच होते. एवढा भयंकर निकाल आणि त्याच्या पोटात तुझी एवढी मोठी शाबासकी, दोन्ही मला एकाच तोंडाने सांगावी लागली. तुझ्या हाताने दिलेला रंग शेवटपर्यंत खरं बोलत राहिला, दिगू. मी तुझी किती ऋणी आहे ते तू असताना कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

बऱ्याच वेळाने टॉवेल खाली घेऊन त्याने विचारलं, "मग सूर्य?"

"कमी झालाय. थोडा. अगदी थोडा."

"थांबंल ना?"

"माहीत नाही, दादा. खरंच कुणालाच माहीत नाही. परत वाढेलही."

त्याने मान हलवली. अशी वाक्यं त्याने खूप ऐकली आहेत, माझ्या तोंडून आणखी एक ऐकायला मिळालं. "आईला नको सांगू," तो एवढंच म्हणाला.

तुझी आई गॅलरीत होती. तुझी गोधडी धुऊन कठड्यावर पसरत होती. गोधडी कुणाला द्यायला ती तयार नाही, वहिनी सांगून दमली. तुमच्या गॅलरीत ऊन येतं ते थोडाच वेळ, तेवढ्यात वाळवायचं म्हणून तिची घाई चालली होती. मला बघून म्हणाली, "इलंस गो? बस." मग गोधडीच्या सुरकुत्या तळहाताने सरळ करत, वर बघायला डोळ्यांवर हात धरून, तिने मला विचारलं. कारण उन्हाचं काम करणारी मी, मला कळणार म्हणून.

"आज ऊन बरा आसा ना गो? सुकतली ना?"

"बरं आहे, आई," मी म्हटलं. ऊन खरंच चांगलं होतं, दिगू. मी गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि ओढून सरळ केलं.